वेंगुर्ले गहाण टाकून परत जिंकणारे खेम सावंत : सावंतवाडीच्या भोसल्यांची गोष्ट

राजाने दागिने गहाण टाकल्याचे किस्से इतिहासात पुष्कळ सापडतात. पण एका राजाने आपलं चालतं-बोलतं बंदरच गहाण टाकलं होतं. ते बंदर म्हणजे वेंगुर्ले आणि तो राजा म्हणजे सावंतवाडीचे तिसरे खेम सावंत भोसले.

ही वेळ त्यांच्यावर का आली आणि गहाण पडलेलं वेंगुर्ले त्यांनी सोडवलं कसं, हे समजून घ्यायचं तर आधी या घराण्याची ओळख करून घ्यायला हवी.

सुरुवात होते होडावड्यापासून. आज वेंगुर्ले तालुक्यात असलेलं हे गाव एकेकाळी राजधानी होतं. १५५४ च्या सुमारास मांग सावंत यांनी विजापूरच्या आदिलशाहीविरुद्ध बंड केलं आणि होडावड्यात आपलं ठाणं बसवलं. घराण्याचं आडनाव भोसले, तर सावंत हा शब्द सामंतावरून आला असं मानतात. मूळ मेवाडच्या सिसोदियांशी असल्याची परंपराही घराण्यात सांगितली जाते. मांग सावंतांनंतरच्या वारसांना पुन्हा विजापूरचं मांडलिकत्व पत्करावं लागलं. पुढे सतराव्या शतकात पहिल्या खेम सावंतांनी स्वतंत्र कारभार सुरू केला आणि लखम सावंतांनी कुडाळ प्रांतावर जम बसवला. दुसऱ्या खेम सावंतांच्या काळापर्यंत राजधानी सुंदरवाडीला, म्हणजे आजच्या सावंतवाडीला आलेली होती.

या सगळ्या काळात घराण्याची अडचण एकच होती. राज्य लहान आणि शेजारी मोठे. उत्तरेला मालवणपर्यंत करवीरकर छत्रपती, दक्षिणेला गोव्यात पोर्तुगीज, समुद्रावर आंग्रे आणि इंग्रज. त्यामुळे सावंत कधी विजापूरकडे, कधी शिवाजी महाराजांकडे, कधी मोगलांकडे झुकलेले दिसतात. लहान राज्य टिकवायचं तर त्यांना ही कसरत करावीच लागत होती.

या कसरतीत सावंतांच्या हातातला हुकमी पत्ता होता वेंगुर्ले. डचांनी १६३० च्या दशकातच इथे वखार घातली होती. गोव्याच्या पोर्तुगीजांची कोंडी करणाऱ्या त्यांच्या जहाजांना रसद इथूनच मिळायची. त्या वखारीचे अवशेष आजही वेंगुर्ल्यात उभे आहेत. बंदर हातात म्हणजे जकात हातात, आणि समुद्रावरून जाणाऱ्या गलबतांवर वचकही. सावंतांच्या आरमाराला इंग्रज सरळ चाचे म्हणायचे. सावंतांच्या बाजूने पाहिलं तर आपल्या पाण्यातून जाणाऱ्याकडून वसुली करणं हा त्यांचा हक्क होता.

तिसरे खेम सावंत १७५५ मध्ये गादीवर आले तेव्हा ते अगदी लहान होते. १७६३ मध्ये त्यांचं लग्न झालं ते थेट ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या घरात. वधू लक्ष्मीबाई, जयाप्पा शिंद्यांची मुलगी. खेम सावंत गादीवर आले त्याच वर्षी मारवाडात नागोरला जयाप्पा मारले गेले होते. पण लक्ष्मीबाईंचे चुलते होते महादजी शिंदे. या सोयरिकीमुळे कोकणातल्या छोट्या संस्थानाला उत्तर हिंदुस्थानातल्या सगळ्यात ताकदवान मराठा सरदाराचा आधार मिळाला. शिंद्यांच्या वजनामुळे दिल्लीच्या बादशहाकडून राजेबहादूर हा किताबही वाडीला आला.

हाच मान कोल्हापूरकरांना खुपला. दोन्ही दरबारांत वैर पेटलं ते वर्षानुवर्षं चाललं.

त्याआधीच इंग्रजांनी घाव घातला होता. १७६५ मध्ये मुंबईहून आलेल्या त्यांच्या आरमाराने कोल्हापूरकरांकडून सिंधुदुर्ग घेतला आणि सावंतांकडून रेडीचा यशवंतगड. रेडी वेंगुर्ल्यापासून जवळच, तेरेखोलच्या खाडीच्या तोंडाशी. किल्ला परत हवा असेल तर दोन लाख रुपये भरा, अशी इंग्रजांची अट होती. तिजोरीत एवढा पैसा नव्हता. म्हणून १७६६ च्या तहात वेंगुर्ल्याचा महसूल तेरा वर्षांसाठी एका सावकाराकडे गहाण पडला. १७७२ मध्ये इंग्रजांनी वेंगुर्ल्यात आपली वखारही घातली.

तेरा वर्षं संपली, पण इंग्रज जागचे हलले नाहीत. सावंतांच्या माणसांनी वसुलीत अडथळे आणले, सावकाराचा पैसा फिटलाच नाही, मग बंदर सोडायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. खेम सावंतांनी फार वाट पाहिली नाही. १७८० मध्ये त्यांच्या फौजेने वेंगुर्ल्यावर हल्ला करून ते लुटलं आणि ताब्यात घेतलं. इंग्रज तेव्हा पुणे दरबाराशी लढाईत गुंतले होते, त्यामुळे वेळही बरोबर साधली गेली होती.

पण एक बाजू सावरली की दुसरी सुटत होती. कोल्हापूरकर किल्ल्यांवर चालून येत होते. दक्षिणेला पोर्तुगीजांनी डिचोली आणि सत्तरी आधीच गिळले होते. कोल्हापूरविरुद्ध मदत हवी म्हणून १७८८ मध्ये खेम सावंतांनी पेडणे महाल पोर्तुगीजांना देऊन टाकला. आज शिरोडा-रेडी ओलांडून तेरेखोल नदीपलीकडे गेलं की गोवा सुरू होतो. ती हद्द या सौद्यातून आली आहे. सौदा झाला नसता तर पेडणे कदाचित आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात असतं.

खेम सावंतांची दुसरीही एक ओळख आहे. सावंतवाडीचा राजवाडा त्यांच्याच काळातला. तेलंगणातून आलेल्या पंडितांनी आपल्याबरोबर गंजिफाचा खेळ आणला, महाराजांना तो आवडला आणि त्यांनी वाडीच्या चितारी कारागिरांकडून गंजिफा बनवून घेतल्या, असं सांगितलं जातं. लढायांत गेलेलं परत आलं नाही, पण चिताऱ्यांची ती कला आजही वाडीत टिकून आहे.

जवळपास अठ्ठेचाळीस वर्षं राज्य करून खेम सावंत १८०३ मध्ये वारले. मागे मुलगा नव्हता. गादीसाठी घरातच भांडणं लागली. लक्ष्मीबाईंनी दत्तक घेतलेल्या मुलाचा गळा दाबून खून झाला आणि लवकरच त्याही गेल्या. पुढे कारभार राणी दुर्गाबाईंच्या हातात आला. चाचेगिरी थांबवण्याचं कारण पुढे करून इंग्रजांनी १८१२ मध्ये तह केला आणि वेंगुर्ले कायमचं घेतलं. या वेळी ते परत आणायला कोणी नव्हतं.

मग झालं असं की वेंगुर्ले इंग्रजांच्या रत्नागिरी जिल्ह्यात गेलं आणि जेमतेम पंचवीस किलोमीटरवरची वाडी संस्थान म्हणून वेगळी राहिली. पूर्वी राज्याच्या तिजोरीत पडणारी जकात आता कंपनीकडे जाऊ लागली. बंदर गेल्यावर सावंतांकडे समुद्रावरची ताकद उरली नाही. १८३८ मध्ये इंग्रजांनी संस्थानाचा कारभारही हातात घेतला.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि वाडी व वेंगुर्ले पुन्हा एकाच जिल्ह्यात आले, आधी रत्नागिरी आणि १९८१ पासून सिंधुदुर्ग. घराण्याचं पहिलं ठाणं असलेलं होडावडे, ज्याच्यासाठी बंदर गहाण पडलं तो रेडीचा यशवंतगड आणि खुद्द वेंगुर्ले, हे तिन्ही आज एकाच तालुक्यात आहेत.