ग्रेच्चो येथील गव्हाण

संत फ्रान्सिस हा इटलींतील असीसी नगराच्या एका सधन कापडव्यापाऱ्याचा पुत्र. तारुण्यांत त्यानें पैसा पाण्यासारखा उधळला. पुढें मन पालटलें, तेव्हां १२०६ च्या सुमारास बिशपासमक्ष अंगावरचीं वस्त्रेंहि पित्यास परत देऊन त्यानें दारिद्र्य पत्करलें.

सन १२२३ च्या नाताळांत तो ग्रेच्चो या डोंगरी खेड्यांत होता. उपासनेची लॅटिन भाषा तेथील शेतकऱ्यांस कशी समजणार? फ्रान्सिसनें एका मित्राकडून गव्हाण मांडविली, तींत गवत पसरविलें, शेजारीं बैल व गाढव बांधविलीं. रात्रीं लोक मशाली घेऊन आले. तो डीकन असल्यामुळें त्यानें शुभवर्तमान गाऊन वाचलें आणि गरीब होऊन आलेल्या राजाविषयीं उपदेश केला. जगाचा प्रभु थंडींत गवतावर निजला, हें त्यास डोळ्यांनीं पाहावयाचें होतें. राजवाड्याचा देखावा मांडला असता तर लोक अधिक दिपले असते. पण बेथलेहेम दूरच राहिलें असतें.

या दिवशीं श्रीमंतांनीं गरिबांस पोटभर जेवूं घालावें, बैलगाढवांस अधिक चारा द्यावा, पांखरांसाठीं वाटेवर धान्य टाकावें, अशी त्याची इच्छा असे.

त्यानंतर त्यास दोनच नाताळ लाभले. दृष्टि जवळजवळ गेली होती. १२२६ च्या ऑक्टोबरांत अंतकाळ आला, तेव्हां त्यानें आपणांस उघड्या जमिनीवर निजविण्यास सांगितलें.