सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची तयारी

ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी बी. ए. होऊन आतां एम. ए. च्या अभ्यासास जाण्याची इच्छा धरते, त्या घरांत दोन विचार उभे राहतात. एक असा कीं, इतकें शिक्षण पुरे. आतां नोकरी पहावी व धाकट्या भावंडांस हात द्यावा. दुसरा असा कीं, वय व उमेद आहे तोंवर शिकून घ्यावें. आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांतहि आतां हा प्रश्न उभा राहूं लागला आहे. त्याचें उत्तर सर्वांस सारखें देतां येणार नाहीं. म्हणून या वेळीं आम्ही वाचकांस आमच्या कोंकणपट्टींतील एका थोर विद्वानाचें चरित्र सांगतों. सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची कीर्ति पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु ती ज्या तयारीवर उभी राहिली, ती तयारी थोड्यांसच ठाऊक आहे.

रामकृष्णपंतांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजीं मालवण येथें झाला. मालवण त्या वेळीं रत्नागिरी जिल्ह्यांत मोडत असे. १९८१ सालीं सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तेव्हांपासून तें त्या जिल्ह्यांत आहे. त्यांचे वडील सरकारी महसूल खात्यांत कारकून होते. कारकुनाची बदली होणें ही साधी गोष्ट. परंतु १८४७ सालीं त्यांची बदली रत्नागिरीस झाली, तेव्हां दहा वर्षांच्या त्या मुलाचें सारें आयुष्य पालटलें. कारण रत्नागिरीस सरकारी इंग्रजी शाळा होती. ती बदली दुसऱ्या एखाद्या गांवीं झाली असती, तर कदाचित् हा मुलगाहि वडिलांसारखाच कारकून झाला असता.

१८५३ सालीं रामकृष्णपंत मुंबईस एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें दाखल झाले. त्याच वर्षीं एप्रिल महिन्यांत मुंबई व ठाणें यांच्या दरम्यान पहिली आगगाडी धांवली. परंतु रत्नागिरीच्या माणसास तिचा उपयोग नव्हता. कोंकणाचा मोठा मार्ग समुद्राचा होता, आणि पावसाळ्यांत तोहि बंद पडे. कोंकण रेल्वेचा सगळा मार्ग खुला होण्यास १९९८ साल उजाडावें लागलें. मुलगा एकदां मुंबईस गेला, म्हणजे आईबापांनीं त्याच्या पत्राची वाट पाहत बसावें, असा तो काळ होता. एल्फिन्स्टनमध्यें दादाभाई नौरोजी गणित शिकवीत असत, व रामकृष्णपंत त्यांच्या हाताखालीं शिकले.

पुढें १८५७ सालच्या जुलै महिन्यांत मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला. हें विद्यापीठ लंडन येथील विद्यापीठाच्या नमुन्यावर उभारलेलें होतें. शिकविणें हें त्याचें काम नव्हतें. कॉलेजांनीं शिकवावें आणि विद्यापीठानें परीक्षा घेऊन पदवी द्यावी, अशी व्यवस्था होती. पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ सालीं झाली. प्रश्न कसे येतील, कोणते ग्रंथ वाचावे, किती वाचलें म्हणजे पुरे, हें सांगणारा कोणी वडील विद्यार्थी नव्हता. कारण त्या वाटेनें पूर्वीं कोणी गेलेलाच नव्हता.

येथें रामकृष्णपंतांच्या चरित्रांतील ती गोष्ट येते, जिच्याकडे आम्हांस वाचकांचें लक्ष विशेष वेधावयाचें आहे. त्यांचें कॉलेजांतील बरेंचसें शिक्षण विद्यापीठाच्या परीक्षा सुरू होण्यापूर्वींच झालें होतें. त्याच सुमारास त्यांस दक्षिणा फेलो म्हणून नेमण्यांत आलें. ही दक्षिणा म्हणजे पेशव्यांच्या राज्यांत श्रावणमासीं विद्वान् ब्राह्मणांस वांटीत असत ती रक्कम. इंग्रजी अमलांत तिचें स्वरूप हळूहळू बदलत गेलें, आणि तिचा एक भाग कॉलेजांतील तरुण विद्वानांच्या वेतनाकडे लावण्यांत आला. फेलोनें स्वतः अभ्यास करावा व खालच्या वर्गांस शिकवावें, अशी रीत होती. सारांश, रामकृष्णपंत हे शिक्षकांच्या पंक्तीस बसले होते. आतां प्रवेशपरीक्षेची कटकट कशाला, असें त्यांनीं म्हटलें असतें, तर कोणी दोष दिला नसता. परंतु बाविशीच्या सुमाराचा हा शिक्षक पुन्हां परीक्षार्थी झाला. १८५९ च्या त्या पहिल्या परीक्षेंत जे थोडे उत्तीर्ण झाले, त्यांत भांडारकर व महादेव गोविंद रानडे हे दोघेहि होते.

तीन वर्षांनीं, १८६२ सालीं, मुंबई विद्यापीठानें पहिले बी. ए. पदवीधर बाहेर काढले. ते चौघे होते: रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक. पदवी मिळाली, नांव झालें, सरकारी नोकरीचीं दारें उघडलीं. तरी रामकृष्णपंत तेथें थांबले नाहींत. १८६३ सालीं, म्हणजे अवघ्या एका वर्षांत, ते एम. ए. झाले.

हें एक वर्ष वाचून कोणी असें समजूं नये कीं, एम. ए. ची तयारी एका वर्षांत होते. तिचें मूळ मागें आहे. ते फेलो असतांना शिक्षणखात्याचे मुख्य अधिकारी हॉवर्डसाहेब यांनीं त्यांस संस्कृताचा अभ्यास करण्याचा सल्ला दिला होता. रामकृष्णपंतांचें शिक्षण इंग्रजी शाळेंत झालेलें. संस्कृताची खोल ओळख त्यांस तोंवर नव्हती. इंग्रजी ग्रंथ सहज वाचणाऱ्या या तरुणानें आतां संस्कृत व्याकरणास आरंभ केला. पुण्यास असतांना ते शास्त्र्यांजवळ व्याकरण, न्याय व वेदांत शिकले. शास्त्र्यांस इंग्रजी येत नव्हतें, आणि परीक्षा तर इंग्रजी पद्धतीची. शास्त्री मुखोद्गत करवून घेत. यूरोपियन पंडित एका ग्रंथाची दुसऱ्याशीं तुलना करून काळ व पाठ ठरवीत. रामकृष्णपंतांनीं यांपैकीं एकास कवटाळून दुसऱ्यास तुच्छ मानिलें नाहीं. दोहोंकडून जें घेण्यासारखें होतें तें त्यांनीं घेतलें. त्यांचे पुढचे सर्व ग्रंथ या दुहेरी तयारीचें फळ आहेत.

एम. ए. झाल्यावर ते सिंधमधील हैदराबाद येथें हायस्कुलाचे मुख्य शिक्षक झाले, व १८६५ सालीं रत्नागिरीच्या हायस्कुलांत त्याच जागेवर आले. ज्या गांवीं कारकुनाचा मुलगा म्हणून इंग्रजी मुळाक्षरें गिरविलीं, त्याच गांवीं अठ्ठाविसाव्या वर्षीं ते मुख्य शिक्षक होऊन परतले. शाळेंत शिकवीत असतांच्या या वर्षांत त्यांनीं संस्कृत शिकणाऱ्यांसाठीं दोन पुस्तकें तयार केलीं. पहिल्याचें नांव मार्गोपदेशिका, म्हणजे वाट दाखविणारी. दुसऱ्याचें संस्कृतमंदिरांतःप्रवेशिका, म्हणजे संस्कृताच्या मंदिरांत प्रवेश करून देणारी. या पुस्तकांत व्याकरण थोडें थोडें देऊन लागलींच भाषांतरासाठीं वाक्यें दिलेलीं आहेत, म्हणजे शिकलेलें त्याच वेळीं वापरांत येतें. ज्या वाटेवर त्यांस स्वतः चांचपडत जावें लागलें, तिच्यावर त्यांनीं मागून येणाऱ्यांसाठीं पायऱ्या बांधिल्या. दीडशें वर्षें होऊन गेलीं, तरी मार्गोपदेशिका आजहि छापली जाते.

१८६८ सालीं त्यांस एल्फिन्स्टन कॉलेजांत संस्कृताचें अध्यापकपद हंगामी म्हणून मिळालें. तें कायम होईल असें वाटत असतां १८७३ सालीं विलायतेहून पीटर पीटरसन यांस त्या जागेवर आणण्यांत आलें, आणि भांडारकर यांस दुय्यम जागेवर राहावें लागलें. अशा वेळीं पुष्कळांचें मन विटतें व हातचें कामहि सुटतें. रामकृष्णपंतांचें काम सुटलें नाहीं. ताम्रपट व शिलालेख वाचणें, जुन्या पोथ्या तपासणें, निबंध लिहिणें हें चालूच राहिलें. १८७७ सालीं विल्सन व्याख्यानमालेचे पहिले व्याख्याते म्हणून त्यांची निवड झाली. ही व्याख्यानमाला मुंबईचे स्कॉटिश मिशनरी डॉक्टर जॉन विल्सन यांच्या स्मरणार्थ स्थापिली होती. संस्कृत व तिच्यापासून निघालेल्या भाषा हा त्यांचा विषय होता, आणि आपली मराठीहि त्यांत आली. भांडारकर आमच्या मंडळीचे नव्हते. ते प्रार्थनासमाजाचे पुढारी होते. तथापि मिशनऱ्याच्या नांवाचें तें काम त्यांनीं मनापासून केलें, हें आम्ही आदरानें नमूद करतों.

१८८२ सालीं ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत संस्कृताचे अध्यापक झाले. १८८४ सालीं त्यांचा दक्षिणेच्या प्राचीन इतिहासावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८८५ सालीं जर्मनींतील गटिंगेन विद्यापीठानें त्यांस डॉक्टर ही पदवी दिली. १८९३ सालीं ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरु झाले. ज्या विद्यापीठाच्या पहिल्या प्रवेशपरीक्षेस ते बसले होते, त्याचीच सूत्रें त्यांच्या हातीं आलीं. ६ जुलै १९१७ रोजीं, त्यांच्या ऐशीव्या वाढदिवशीं, पुण्यास त्यांच्या नांवें भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झालें, व त्यांचा ग्रंथसंग्रह त्या मंदिरास मिळाला. १९२५ सालच्या ऑगस्ट महिन्यांत ते निवर्तले.

कोणी म्हणेल, हे तर ब्राह्मण. विद्येचें दार त्यांस जन्मतःच उघडें होतें. हें म्हणणें खरें आहे, व तें झांकून ठेवणें योग्य नव्हे. आमच्या पुष्कळ वाचकांच्या पूर्वजांस संस्कृताचें अक्षरहि ऐकूं देत नसत. भांडारकर एम. ए. झाल्यास बरोबर पन्नास वर्षें झालीं, तेव्हां म्हणजे १९१३ सालीं, एल्फिन्स्टन कॉलेजांतूनच पदवी घेतलेला दुसरा एक तरुण पुढील अभ्यासासाठीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेला. त्याचें मूळ गांव रत्नागिरी जिल्ह्यांतील मंडणगड तालुक्यांत आंबडवे हें होय. ते डॉक्टर भीमराव आंबेडकर. त्यांस शाळेंत संस्कृत शिकावयाची इच्छा होती. परंतु अस्पृश्य म्हणून तें नाकारण्यांत आलें व फारसी घ्यावी लागली. पुढें त्यांनीं संस्कृताचा अभ्यास आपल्या हिमतीवर केला. दार एकास उघडें व दुसऱ्यास बंद होतें, हा अन्याय होय. परंतु दारांतून आंत गेल्यावर जी मेहनत करावी लागते, ती दोघांसहि सारखीच करावी लागली.

आज रत्नागिरींत मुंबई विद्यापीठाचें उपकेंद्र आहे, व पदवीनंतरच्या अभ्यासासाठीं प्रत्येकास समुद्र ओलांडावा लागत नाहीं. वाट सोपी झाली. तयारी मात्र सोपी झालेली नाहीं. म्हणून जो तरुण एम. ए. च्या अभ्यासास जाणार आहे, त्यानें वर्ग सुरू होण्यापूर्वीं स्वतःस तीन प्रश्न विचारावे. ज्या भाषेंत त्या विषयाचे मूळ ग्रंथ आहेत, ती भाषा मला येते काय? येत नसेल, तर ती शिकविणारा मनुष्य, मग तो कोणत्याहि जातीचा किंवा धर्माचा असो, मीं शोधला आहे काय? आणि बी. ए. झाल्याचा मान बाजूस ठेवून मूळाक्षरापासून आरंभ करण्यास माझें मन तयार आहे काय? आईबापांनींहि पदवी मिळाली एवढ्यावरून होकार देऊं नये, आणि खर्च होतो एवढ्यावरून नकारहि देऊं नये. मुलाच्या ठायीं ही तयारी दिसते कीं नाहीं, हें पाहून निर्णय करावा.

आमच्या उपदेशक बंधूंस व शाळामास्तरांस आणखी एक गोष्ट सांगणें आहे. लोक आपणांस गुरुजी म्हणूं लागले, म्हणजे शिकणें थांबविण्याचा मोह होतो. आठवड्यांतून एक संध्याकाळ ठरवून एखादा कठीण ग्रंथ आरंभापासून वाचावा, आणि न समजलेलें आपल्याहून अधिक जाणत्यास विचारावें. तो वयानें लहान असला, तरी लाजूं नये. जो शिकवितो त्यासच शिकत राहण्याची गरज अधिक आहे, कारण त्याच्या अज्ञानाचें ओझें त्याच्या एकट्यावर पडत नाहीं, तर त्याच्यापुढें बसलेल्या साऱ्या मुलांवर पडतें.