मुलांचे कैवारी लॉर्ड शाफ्ट्सबरी

लंडन शहरातील पिकॅडिली सर्कस या गजबजलेल्या चौकात पंख असलेल्या धनुर्धराचा एक पुतळा आहे. लोक त्याला ‘इरॉस’ म्हणून ओळखतात. पण तो १८९३ साली उभारला गेला एका ख्रिस्ती उमरावाच्या स्मरणार्थ. गिरणी, खाण, धुराडे आणि शेवटी घर, या चार ठिकाणी लहान मुलांचा छळ थांबावा म्हणून ज्यांनी पन्नासहून अधिक वर्षे झीज सोसली, त्या लॉर्ड शाफ्ट्सबरी यांचे हे चरित्र.

अँथनी अ‍ॅश्ली कूपर यांचा जन्म २८ एप्रिल १८०१ रोजी लंडनमध्ये झाला. घराणे मोठे, संपत्ती भरपूर. परंतु आईबापांची माया त्यांच्या वाट्याला आली नाही. वडील कडक, आई समारंभांत गुंतलेली. त्यांना जवळ घेणारी घरात एकच व्यक्ती होती, ती म्हणजे मारिया मिलिस नावाची जुनी सेविका. तिने त्यांना पवित्र शास्त्रातील गोष्टी सांगितल्या व प्रार्थना करावयास शिकविले. सातव्या वर्षी त्यांना चिझिक येथील निवासी शाळेत घालण्यात आले. तेथील घाण, उपासमार आणि मोठ्या मुलांची दांडगाई यांची आठवण त्यांना म्हातारपणीही अस्वस्थ करी. थोड्याच काळात मारिया वारली. तिने मागे ठेवलेले सोन्याचे घड्याळ त्यांनी जन्मभर वापरले.

पुढे हॅरो येथे शिकत असताना त्यांनी एका कंगाल माणसाची प्रेतयात्रा पाहिली. दारू प्यालेल्या खांदेकऱ्यांच्या हातून पेटी रस्त्यावर पडली. गरिबाला मेल्यावरही मान नाही हे पाहून, आपले आयुष्य अशांच्या कामी लावावयाचे असा निश्चय त्या मुलाने केला. ऑक्सफर्डची पदवी पहिल्या वर्गात मिळवून १८२६ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ते पार्लमेंटात गेले.

१८२७ साली वेड्यांच्या इस्पितळांची चौकशी करणाऱ्या समितीवर त्यांची नेमणूक झाली. तेथे साखळदंडांनी बांधलेली माणसे त्यांनी स्वतः जाऊन पाहिली. ऐकीव गोष्टींवर बोलावयाचे नाही. आधी पाहावयाचे, साक्षी गोळा करावयाच्या, आकडे तपासावयाचे आणि मग तोंड उघडावयाचे, ही शिस्त त्यांना येथे लागली. पुढील सारे यश या शिस्तीचे फळ आहे.

गिरण्या आणि खाणी

त्या काळी इंग्लंडच्या कापड गिरण्यांत लहान मुले दिवसाला तेरा-चौदा तास राबत. मायकेल सॅडलर यांच्या समितीने १८३२ साली कामगारांच्या व डॉक्टरांच्या साक्षी घेतल्या. मुकादम पट्ट्याने मारतात, आणि हा मार बहुधा दिवस सरताना, मुले झोपेने पेंगू लागली म्हणजे बसतो, असे त्या साक्षींत वारंवार आले. यातून एक मोठी गोष्ट कळली. मुकादमाला नुसता उपदेश करून मार थांबणार नव्हता; कामाचे तासच कमी करावयास हवे होते. दुष्कृत्याचे मूळ शोधून तेथे घाव घालावा, हा धडा लॉर्ड अ‍ॅश्ली यांनी (तेव्हा त्यांना याच नावाने ओळखीत) मनात धरला.

सॅडलर निवडणूक हरले, आणि १८३३ साली हे काम अ‍ॅश्ली यांच्याकडे आले. या साक्षी एकतर्फी आहेत असा गिरणीमालकांचा आक्षेप होता. म्हणून नवे सरकारी आयोग नेमण्यात आले. पण मुलांवर कामाचा असह्य भार आहे हे त्यालाही मान्य करावे लागले. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने, रेशमाच्या गिरण्या सोडून इतर कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना मनाई झाली, आणि नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांना आठवड्यास ४८ तासांची मर्यादा आली. दहा तासांच्या दिवसाची अ‍ॅश्ली यांची मागणी मात्र मान्य झाली नाही. तरी या कायद्यात पूर्वीच्या कायद्यांत नसलेली एक गोष्ट होती: चार सरकारी निरीक्षक. त्यांचेही काम सोपे नव्हते. इंग्लंडात सरकारी जन्मनोंदणी १८३७ साली सुरू झाली; तोवर मुलाचे वय उंचीवरून वा दातांवरून अदमासाने ठरवावे लागे.

१८४० साली अ‍ॅश्ली यांच्या खटपटीने मुलांच्या कामाची चौकशी करणारे आयोग नेमले गेले. त्याचे अधिकारी कोळशाच्या खाणींत उतरले आणि मुलांच्या तोंडूनच त्यांनी माहिती घेतली. पाच-सहा वर्षांची मुले मिट्ट काळोखात एकटी बसून हवेसाठी ठेवलेली दारे उघडीत व लावीत. मुली कमरेला पट्टा व साखळी बांधून, हातापायांवर रांगत कोळशाच्या गाड्या ओढीत. १८४२ च्या अहवालात ही दृश्ये चित्रांसह छापली गेली आणि सारा देश हादरला. ७ जून रोजी अ‍ॅश्ली यांनी पार्लमेंटात सुमारे दोन तास भाषण केले. त्याच वर्षी स्त्रिया, मुली आणि दहा वर्षांखालील मुलगे यांना खाणीत उतरविण्यास बंदी झाली. मात्र खाणमालक असलेल्या उमरावांनी वरिष्ठ सभागृहात मसुदा बराच सौम्य करून घेतला.

दहा तासांचा कायदा अखेर १८४७ साली मंजूर झाला. पण तेव्हा अ‍ॅश्ली सभागृहात नव्हते. धान्यावरील जकातीच्या प्रश्नावर आपले मत बदलल्यामुळे त्यांनी सचोटीने आधीच्या वर्षी राजीनामा दिला होता. शेवटचे पाऊल जॉन फील्डन यांनी टाकले. आपल्या श्रमाचे फळ दुसऱ्याच्या हातून आले याची खंत त्यांनी धरली नाही. १८५१ साली वडील वारले आणि ते शाफ्ट्सबरीचे सातवे अर्ल झाले. इस्टेटीतील मजुरांच्या झोपड्यांची दैना पाहून त्यांना लाज वाटली, आणि स्वतः कर्जात असतानाही त्यांनी त्या सुधारावयास घेतल्या.

कायदा होता, तरी मुले मरत होती

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत बोधप्रद लढा धुराडी साफ करणाऱ्या मुलांचा आहे. अरुंद धुराड्यांत लहान मुलांना चढवून काजळी काढविली जाई. कोवळे कोपर व गुडघे निबर व्हावेत म्हणून ते विस्तवाजवळ मिठाच्या पाण्याने चोळीत. काजळीमुळे या कामगारांना कर्करोग होतो हे पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने १७७५ सालीच दाखविले होते. १८३४ व १८४० साली कायदे झाले. लांब दांड्याचे ब्रशही मिळत होते. तरी मुले धुराड्यांत जातच राहिली. घरमालकांना ब्रशसाठी धुराडे दुरुस्त करण्याचा खर्च नको होता, आणि गुन्हा पकडणे हे नेमके कोणाचे काम, हे ठरलेच नव्हते. १८६४ चा कायदाही असाच फसला.

१८७५ साली केंब्रिजजवळ फुलबर्न येथे जॉर्ज ब्रूस्टर नावाचा मुलगा धुराड्यात अडकून मेला. शाफ्ट्सबरी तेव्हा चौऱ्याहत्तरीकडे झुकले होते. त्यांनी पुन्हा विधेयक आणले, पण या वेळी त्यात युक्ती निराळी होती. धुराडी साफ करणाऱ्या प्रत्येक धंदेवाल्याने पोलिसांकडून परवाना घ्यावा. कायदा मोडला तर तो परवाना जावा. या उपायाने ती दुष्ट प्रथा मोडली. तीन कायद्यांना जे जमले नाही ते एका परवान्याने साधले, कारण आता जबाबदारी कोणाची हे स्पष्ट होते.

याच काळात त्यांचे लक्ष मुंबईच्या गिरण्यांकडेही गेले, आणि १८७५ व १८७९ साली त्यांनी हिंदुस्थानातील गिरणी-मुलांचा प्रश्न लॉर्डांच्या सभागृहात मांडला. अशा निर्बंधांत लँकेशायरच्या मालकांचा व्यापारी स्वार्थ होता हे खरे. पण शाफ्ट्सबरी यांचा कळवळा जुनाच होता. १८८१ साली आपल्याकडे पहिला फॅक्टरी कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांना मनाई आणि बारापर्यंतच्यांना नऊ तास, एवढीच त्याची झेप होती.

घराचा उंबरठा

एका ठिकाणी मात्र हे थोर पुरुषही अडखळले. १८८१ साली एका पाळकाने, घरात आईबापांकडून होणाऱ्या छळाविरुद्ध कायदा करावा, अशी त्यांना विनंती केली. हे दुःख मोठे आहे हे त्यांनी मान्य केले. पण ती घरातली खासगी बाब असल्याने कायद्याचा हात तेथे पोहोचणार नाही, असे उत्तर दिले. तरी त्यांनी आपले मन बंद केले नाही. जुलै १८८४ मध्ये लंडनमध्ये मुलांच्या छळास प्रतिबंध करणारी संस्था निघाली, तेव्हा ८३ वर्षांचे शाफ्ट्सबरी तिचे पहिले अध्यक्ष झाले. रेव्हरंड बेंजामिन वॉ यांनी त्या संस्थेतर्फे एकेका मुलाची हकीगत तपासून नोंदविली, आणि त्या पुराव्याच्या बळावर १८८९ साली मुलांच्या संरक्षणाचा कायदा झाला. तो पाहावयास शाफ्ट्सबरी नव्हते. १ ऑक्टोबर १८८५ रोजी फोकस्टन येथे त्यांनी देह ठेवला. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतील प्रार्थनेस, त्यांनी चाळीस वर्षे सांभाळलेल्या गरीब मुलांच्या शाळांतील लोकांची गर्दी लोटली होती.

आज जागतिक आरोग्य संघटना मुलांवरील हिंसा टाळण्यासाठी जे सात उपाय सांगते, त्यांत कायद्याची अंमलबजावणी, पालकांना मदत, घरची मिळकत वाढविणे आणि शिक्षण हे आहेतच. आपल्या देशात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील मारास बंदी केली, आणि २०१२ च्या कायद्याने बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्यावर ती कळविण्याचे बंधन घातले. माराने मूल सुधारत नाही, उलट अधिक आडदांड होते, हे संशोधनाने पुनःपुन्हा दाखविले आहे. तरी छडीशिवाय विद्या येत नाही ही समजूत अजून आपल्या घरांत, आणि कधी कधी आपल्या शब्बाथ शाळांतही टिकून आहे.

प्रिय वाचकहो, प्रभूने बालकांना जवळ बोलाविले हे आपण सर्व जाणतो. शाफ्ट्सबरी यांनी ते जाणून एक साधा प्रश्न विचारला: या मुलाला कोण मारतो, केव्हा, का, आणि ते थांबविण्याची जबाबदारी कोणाची? आपल्या मंडळीत, वसतिगृहात, शेजारच्या घरात हा प्रश्न कोणी विचारतो काय? तक्रार घेऊन आलेल्या मुलाने नेमके कोणाकडे जावे, हे पंचमंडळाने ठरवून दिले आहे काय? दिले नसेल, तर पुढच्या सभेत पहिला विषय तोच असावा.