विश्लेषण : मुलांच्या मदतीसाठी आलेली बुद्धिचाचणी शिक्का कशी बनली?

कोडी सोडवता येणे म्हणजेच बुद्धी का? हा वाद ज्या चाचणीमुळे पेटला, तिचे जनक फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने (१८५७-१९११). मुलांवर शिक्का मारणे हा त्यांचा हेतू नव्हता.

बिने या विषयाकडे कसे वळले?
नीस येथे जन्मलेल्या बिने यांनी शिक्षण कायद्याचे घेतले. मानसशास्त्र ते पॅरिसच्या ग्रंथालयात स्वतः वाचून शिकले. संमोहनावरील त्यांचे सुरुवातीचे प्रयोग चुकीचे ठरले आणि ती चूक त्यांना जाहीरपणे मान्य करावी लागली. पुढे सॉर्बोनच्या प्रयोगशाळेत असताना त्यांनी शाळकरी मुलांच्या डोक्यांची मापे घेतली. हुशार आणि मागे पडणाऱ्या मुलांच्या मापांत फरक अगदीच किरकोळ निघाला. डोके मोजून बुद्धी कळत नाही, हे त्यांना पटले.

चाचणीत काय होते?
शाळेत जादा मदतीची गरज असलेली मुले ओळखण्यासाठी फ्रेंच सरकारने १९०४ मध्ये समिती नेमली. तिचे सदस्य असलेल्या बिने यांनी तेओदोर सिमाँ यांच्यासह १९०५ मध्ये ३० प्रश्नांची चाचणी तयार केली. आकडे ऐकून पुन्हा सांगणे, वजनांचा क्रम लावणे, दिलेले तीन शब्द वापरून वाक्य करणे, असे ते प्रश्न चढत्या क्रमाने अवघड होत. पाठांतराला तिथे फारसे महत्त्व नव्हते. प्रश्न समजणे, उपाय शोधणे आणि आपले उत्तर स्वतःच तपासणे, यांत बिने यांना बुद्धी दिसत होती. १९०८ मध्ये प्रश्नांची वयानुसार मांडणी झाली.

मग बिनसले कुठे?
बुद्धी जन्मतः ठरते आणि बदलत नाही, हे मत बिने यांना मान्य नव्हते. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी लक्ष आणि स्मरण वाढवणारे व्यायाम सुचवले. मात्र १९११ मध्ये, ५४व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी बुद्ध्यांकाची कल्पना मांडली. अमेरिकेत हेन्री गोडार्ड यांनी हीच चाचणी स्थलांतरितांना ‘मंदबुद्धी’ ठरवण्यासाठी वापरली.

मराठीशी संबंध काय?
व्ही. व्ही. कामत यांनी ही चाचणी मराठी व कन्नड मुलांसाठी बेतली. मुलाला आज कुठे अडते, हे सांगणे एवढेच बिने यांच्या चाचणीचे काम होते. ते उद्या कुठवर जाईल, हे सांगण्याचा दावा त्यांनी केला नव्हता.