शिक्षा न करणारा रेक्टर

हॉस्टेलची रूम अस्ताव्यस्त आणि रेक्टर दारात. पुढे काय होतं, तुम्हाला माहितीये. दंड, नोटीस, नाहीतर थेट घरी फोन. पण रेक्टरनेच झाडू हातात घेतला तर?

अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात हेच व्हायचं. तिथले रेक्टर म्हणजे पांडुरंग सदाशिव साने, आपले साने गुरुजी. २४ डिसेंबर १८९९ ला कोकणातल्या पालगडला जन्मलेले, गरिबीत शिकून एम.ए. झालेले. १९२४ मध्ये ते या शाळेत शिक्षक झाले. पुढे छात्रालयही त्यांच्याकडे आलं.

पोरांनी पसारा केला तर गुरुजी ओरडायचे नाहीत. स्वतः खोली झाडायचे, कपड्यांच्या घड्या घालायचे. कुणी आजारी पडलं की उशाशी बसायचे. हे बघून पोरं ओशाळायची आणि आपणहून कामाला लागायची. १९२८ मध्ये त्यांनी मुलांसाठी 'विद्यार्थी' मासिकही काढलं.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले. पद्धत तीच: दुसऱ्याला शिक्षा नाही, त्रास स्वतःला. मंदिर खुलं झालं. ११ जून १९५० ला गुरुजी गेले.

दंडाची पावती मिनिटात फाडता येते. गुरुजींच्या शिस्तीला रोज वेळ द्यावा लागतो. उद्या तुम्ही शिक्षक व्हाल, एखाद्या टीमचे लीडर व्हाल. तेव्हा नियमांची यादी लावण्याआधी एकदा विचारा, यातलं मी स्वतः काय करतोय?