जगदीशचंद्र बोस: ओहमचा नियम न पाळणारा खडा

तुमच्या चार्जरमध्ये डायोड असतो. वीज एका दिशेने जाऊ द्यायची, उलट्या दिशेने अडवायची, एवढंच त्याचं काम. असे भाग अर्धवाहकांपासून बनतात, आणि अर्धवाहकाच्या उपकरणाचं अगदी सुरुवातीचं पेटंट एका बंगाली प्राध्यापकाच्या नावावर आहे. शाळेत आपण त्यांना 'झाडांना संवेदना असतात' म्हणणारे शास्त्रज्ञ म्हणून शिकतो. तिथेच गडबड होते.

जगदीशचंद्र बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, आज बांगलादेशात असलेल्या मयमनसिंगचा. वडील सरकारी अधिकारी, तरी मुलाला घातलं बंगाली शाळेत. पुढे कोलकाता, मग केंब्रिज. १८८५ मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवायला लागले. तिथे भारतीय प्राध्यापकांना युरोपीय सहकाऱ्यांपेक्षा कमी पगार, त्यात नेमणूक तात्पुरती म्हणून आणखी कपात. बोस यांनी नोकरी सोडली नाही, भांडणही केलं नाही. पगारच घेतला नाही! तीन वर्षं रोज तास घेतले, तेही घरावर कर्ज असताना. शेवटी सरकारने नेमणूक कायम केली आणि मागची सगळी थकबाकी पूर्ण दराने दिली.

प्रयोगशाळा म्हणावी अशी जागा नव्हती. तरी १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली आणि दारू उडवली, मध्ये तार न जोडता. त्यांच्या लहरींची लांबी जेमतेम ५ मिलिमीटरपर्यंत खाली आली होती, म्हणजे सुमारे ६० गिगाहर्ट्झ. भारतात ५जीसाठी लिलावात निघालेला २६ गिगाहर्ट्झचा पट्टाही याच घराण्यातला.

आता मुख्य अडचण. लहर आली हे कळणार कसं? त्या काळी धातूचा कीस भरलेली नळी वापरत. लहर आली की कण चिकटायचे, मग टिचकी मारून सुटे करायचे. बोस यांनी गॅलेना घेतलं. हे शिसं आणि गंधक यांचं चकचकीत खनिज, सुरम्यात वापरतात तेच. त्याला टोकाएवढाच स्पर्श ठेवून त्यांनी वीज सोडली. तारेत दाब दुप्पट केला की प्रवाह दुप्पट होतो, हा ओहमचा नियम. इथे तो लागू पडेना.

हे कामाचं का? लहर पुढे-मागे सारखीच हलते, सरासरी शून्य, त्यामुळे मीटरची सुई जागची हलत नाही. पण दाब थोडा वाढला तर प्रवाह खूप वाढतो आणि तेवढाच कमी झाला तर थोडासाच घटतो, असं असेल तर दोन बाजू एकमेकींना खोडत नाहीत. काहीतरी उरतं आणि सुई हलते. साध्या रेडिओने स्टेशन 'ऐकायचं' ते याच युक्तीने. डायोड म्हणजे याच असमानतेचं टोक.

धातूत इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात, अर्धवाहकात मोजकेच सुटतात, आणि धातूचं टोक टेकलं की सांध्यावर त्यांच्यासाठी एक चढ तयार होतो. ही समज यायला १९३० चं दशक उजाडलं. बोस यांच्याकडे फक्त मोजमाप होतं. आणि त्यांच्या खड्याला प्रकाशही जाणवायचा! शिशाच्या याच संयुगाचे अवरक्त सेन्सर आजही बनतात.

पेटंट घेणं बोस यांना आवडत नसे. मित्रमंडळींच्या आग्रहाने १९०१ मध्ये अमेरिकेत अर्ज गेला, २९ मार्च १९०४ ला पेटंट मिळालं, क्रमांक ७५५८४०. त्यातून त्यांनी पैसा केला नाही. तोवर मन वनस्पतींकडे वळलं होतं. १९१७ मध्ये कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूट उभी राहिली. २३ नोव्हेंबर १९३७ ला गिरिडीह इथे ते गेले.

दहा वर्षांनी अमेरिकेत ट्रान्झिस्टर जन्मला, जर्मेनियमच्या तुकड्याला टोकदार स्पर्श देऊनच. तो बनवणाऱ्यांपैकी एक, वॉल्टर ब्रॅटन, यांनी १९५५ मध्ये जेराल्ड पिअरसन यांच्यासोबत अर्धवाहकांचा इतिहास लिहिला. रेडिओ लहरी पकडायला अर्धवाहक स्फटिक वापरण्याचा पहिला मान त्यांनी त्यात बोस यांना दिला.