बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन मागितली आणि जव्हारचं राज्य उभं राहिलं, कोण होते जयबा मुकणे?

पाऊस सुरू झाला की मुंबई-नाशिकच्या सायकलवाल्यांच्या स्टोरीवर एक रस्ता हमखास दिसतो. कसाऱ्याजवळ हायवे सोडायचा आणि विहीगाव, खोडाळा, मोखाडा करत जव्हार गाठायचं. धुकं, हिरवेगार माळ, भातखाचरं, नागलीची शेतं आणि दम काढणारे चढ. इगतपुरी-घोटीकडून आलात तर वाटेत अप्पर वैतरणाचं अथांग पाणीही लागतं.

जव्हारला पोहोचलं की जयविलास पॅलेससमोर सायकल उभी करून फोटो काढायचा, ही पण ठरलेली गोष्ट. हा राजवाडा मुकणे राजघराण्याचा.

आता सह्याद्रीच्या या आडबाजूला राजघराणं आलं कुठून? तर त्यासाठी जवळपास 700 वर्षं मागं जावं लागतं. तेव्हा रस्ता नव्हता, धरण नव्हतं. होतं ते फक्त जंगल, घाटवाटा आणि जयबा मुकणे नावाचा एक महादेव कोळी सरदार.

मुकणे हे आडनाव आधी की गाव?

नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यात मुकणे नावाचं गाव आहे. आज हे नाव लोकांना माहिती आहे ते मुकणे धरणामुळे, कारण नाशिक शहराला या धरणातून पाणी जातं. पण जव्हारच्या राजांचं आडनाव याच नावाशी जोडलं जातं.

थळ घाट म्हणजे आजचा कसारा घाट. या घाटाजवळ मुकणे इथं जयबांची एक छोटी मातीची गढी होती, असं सांगितलं जातं. गढी छोटी असली तरी जागा मोक्याची होती. कोकणातल्या बंदरांवरून देशावर जाणारा माल घाटातूनच वर चढायचा. ज्याच्या हातात घाट, त्याच्या हातात ये-जा.

तेराव्या शतकाच्या शेवटी देवगिरीच्या यादवांवर उत्तरेतून स्वारी झाली आणि त्यांची सत्ता डळमळली. उत्तर कोकणातले डोंगर तेव्हा कोळी आणि वारली नायकांच्या ताब्यात होते. जव्हारवरही एका वारली नायकाची सत्ता होती. वरचं मोठं राज्य खिळखिळं झालं की खालच्या लहान सरदारांना संधी मिळते. जयबांनी ती बरोबर हेरली.

पाच फकिरांचा आशीर्वाद आणि सात वर्षांची भटकंती

इथून पुढची गोष्ट कोळी समाजाच्या तोंडी पिढ्यानपिढ्या चालत आली. 1882 मध्ये ब्रिटिशांनी ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं, तेव्हा त्यांनी ती नोंदवून ठेवली. या परंपरेत कथानायकाचं नाव पोपेरा असंही येतं. म्हणजे घटना आणि नोंद यांच्यात साडेपाचशे वर्षांचं अंतर आहे. त्यामुळे ही गोष्ट तारीखवार इतिहास म्हणून नाही, तर एका राज्यानं स्वतःबद्दल जपलेली आठवण म्हणून वाचायची.

तर झालं असं की, पिंपरी इथल्या एका देवस्थानी तो दर्शनाला गेला. तिथं पाच कोळी फकिरांनी त्याला आशीर्वाद दिला आणि जव्हारचा राजा म्हणून मुजरा केला. आता गंमत बघा, तोपर्यंत जव्हार त्याच्या मालकीचं नव्हतंच.

पण गडी कामाला लागला. त्यानं कोळी तरुणांची फौज गोळा केली. पेठ आणि धरमपूरच्या डोंगराळ मुलखातून तो फिरला आणि तिथल्या लोकांनी त्याला मानलं. तिथून सुरत, सुरतेहून थेट काठियावाड. तिकडं तो 7 वर्षं राहिला.

आणि मग तो जव्हारला परत आला.

ते प्रसिद्ध कातडं

जव्हारच्या वारली नायकाकडे त्यानं मागणं टाकलं, ते पण एवढंसं. एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जागा हवी. नायकाला वाटलं असणार, एवढ्यानं आपलं काय जाणार आहे? त्यानं हो म्हटलं.

मग कातडं आणलं आणि त्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या. वादीला वादी जोडत लांबच लांब दोर केला आणि त्या दोरानं अख्खा गडाचा डोंगर वेढून टाकला. शब्द दिला होता, त्यामुळे जागा सोडावी लागली. वारली नायकाला बदल्यात गंभीरगड आणि आसपासचा मुलूख मिळाला. हा गंभीरगड आज डहाणू तालुक्यात आहे.

अगदी अशीच गोष्ट भूमध्य समुद्राच्या काठावरही सांगतात. तिथं डायडो नावाच्या राणीनं बैलाच्या कातड्याच्या वाद्या करून कार्थेज शहराची जागा मिळवली. इतक्या लांबच्या दोन ठिकाणी एकच कथा असल्यामुळे ती जव्हारमध्ये शब्दशः घडली असेल, असं म्हणणं अवघड आहे.

तरी एक हिशोब करून बघू. मोठ्या बैलाचं कातडं साधारण 4 चौरस मीटर धरा. त्याच्या 2 मिलिमीटर रुंदीच्या वाद्या कापल्या तर 2 किलोमीटर लांबीचा दोर होतो. हा दोर गोल मांडला तर आत जवळपास 78 एकर जागा येते. गढी बांधायला ती भरपूर झाली. पण संस्थानाच्या शेवटच्या काळात जव्हारचं क्षेत्रफळ होतं सुमारे 800 चौरस किलोमीटर.

म्हणजे कातड्यातून फार तर एक टेकडी मिळाली असती, राज्य नाही. राज्य मिळालं ते त्याआधीच्या पायपिटीमुळे. पेठ-धरमपूरचे लोक, गोळा केलेली फौज आणि घाटवाटांची माहिती, ही जयबांची खरी कमाई. जव्हारच्या नायकानं हो म्हटलं ते फक्त शब्दाला जागून, की समोर उभी असलेली फौज बघून, याचं उत्तर कथा देत नाही. कारण कथा जिंकलेल्यांच्या घरात सांगितली गेली.

मुलगा राजा झाला आणि नवा शक सुरू झाला

जयबांनी जव्हारचं राज्य स्थापन केलं ते साल साधारणपणे 1316 सांगितलं जातं. त्यांच्यानंतर मुलगा गादीवर आला. दिल्लीत तेव्हा मुहम्मद बिन तुघलक होता. दिल्ली दरबारानं जयबांच्या या मुलाला नेमशाह नावानं राजा म्हणून मान्यता दिली. तारीख होती 5 जून 1343.

जव्हारसाठी हा दिवस इतका मोठा होता की तिथून नवा शकच सुरू झाला आणि संस्थानच्या कागदपत्रांवर तो पुढची कित्येक शतकं वापरला गेला. पुढच्या राजांच्या विक्रमशाह, पतंगशाह या नावांमधला शाह इथूनच आला. गॅझेटियरच्या नोंदीप्रमाणे त्या काळी राज्यात 22 किल्ले होते आणि वर्षाचं उत्पन्न 9 लाख रुपये होतं.

1664 मध्ये सुरतेवर जाताना शिवाजी महाराज जव्हारजवळ शिरपामाळावर थांबले आणि विक्रमशाह राजांना तिथं भेटले, असं सांगतात. सायकलवाल्यांचा हा पण एक ठरलेला थांबा. पुढे मराठ्यांनी राज्याचा बराच भाग घेतला, मग इंग्रज आले. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे पुढे लोकसभेवर निवडून गेले. एका वादीपासून सुरू झालेलं राज्य सहाशेहून जास्त वर्षं टिकलं.

मग आज ही गोष्ट का आठवायची?

कारण जयबांच्या वाटेनं आज सायकल चालवायची ठरवली, तर रूट आपोआप तयार होतो. मुकणे धरणापासून निघायचं, घोटीवरून अप्पर वैतरणाच्या कडेनं खोडाळ्याकडे यायचं आणि मोखाड्यावरून जव्हार. एका बाजूला नाशिकला पाणी देणारं मुकणे, पुढे मुंबईला पाणी देणारं अप्पर वैतरणा आणि त्याच नदीवर खाली मोखाडा तालुक्यात बांधलेलं मध्य वैतरणा.

इथं धो धो पाऊस पडतो. तरीही उन्हाळ्यात मोखाड्यातल्या कितीतरी पाड्यांवर टँकर येतो आणि बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या राहतात. नदी दारातून जाते, पाणी मात्र पाइपातून शंभर किलोमीटर लांब पोहोचतं. 700 वर्षांपूर्वी वारली नायकानं एवढंसं मागणं मान्य केलं आणि त्याला गंभीरगडाची वाट धरावी लागली. त्याची बाजू कुणी लिहून ठेवली नाही. जव्हार-मोखाड्यात आजही वारली, कोळी, ठाकर, कातकरी हेच लोक राहतात आणि आपल्या हद्दीतलं किती गेलं, याचा हिशोब त्यांनाच मांडावा लागतो.

राइड संपल्यावर मोबाइलच्या नकाशावर तुमच्या रूटची एक बारीक रेघ उमटते. डोंगर, धरण, पाडे सगळ्यांना वेढा घालणारी. जयबांच्या वादीसारखीच. फरक इतकाच की ती ओढणारा संध्याकाळी घरी परत जातो. मोखाड्यातून जाताना एखाद्या पाड्यावर कुणी तुमची बाटली भरून दिलीच, तर ते पाणी किती लांबून आणलंय, एवढं तरी विचारा.